सोमलिंगाच्या चाराण्याच्या चिठ्ठ्या

...न्हाय, तुम्हीच सांगा पावणं, चहा पाजणाऱ्यानं बँक उघडायची असती व्हय? सोमलिंगाचं शाहूपुरीत चहाचं हाटेल, आणि लढाईच्या त्या वर्साला गावातली चिल्लर कुठं गडप झाली देवाला ठाऊक! गिऱ्हाइकानं नोट काढली की सोमलिंग कपाळ धरायचा. शेवटी वैतागून त्यानं पुठ्ठ्याचं तुकडं कापलं, वर 'चाराणे' लिवलं, हाटेलचा शिक्का हाणला, सुट्ट्याच्या जागी गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवला, आणि झालं की हो! पानवाला घेतोय, न्हावी घेतोय, टांगेवाला मीरासाब तर म्हणायचा, "सरकारची नोट फाटती, सोमलिंगाण्णाचा पुठ्ठा फाटत न्हाय!" सोमलिंग फुगला. कापतोय, शिक्का हाणतोय... किती वाटल्या? त्याला तरी कुठं ठाऊक! चिल्लर न्हाय म्हंजे न्हाय!

आणि आलं की लेकीचं लग्न! गल्ल्यातलं होतं न्हवतं ते सगळं मांडवात गेलं. सोमलिंगाची झोप उडाली. गडहिंग्लजचं व्याही बसल्यालं, आणि त्यांच्या म्होरं कुणी वरडलं, "आधी माझ्या चिठ्ठ्यांचं पैशे टाक!" तर? पोरीनं सासरी तोंड कसं दाखवायचं?

अक्षता पडल्या, आणि बघतोय तर काय, मीरासाब खिशात हात घालूनच येतोय... मागं सगळी शाहूपुरी! सोमलिंगाला दरदरून घाम. बायकोला म्हणतोय, "रत्नव्वा, मेलो गं!" आणि मीरासाबनं आहेराच्या ताटात काय ठेवावं? पाचाची नोट, वर एक पुठ्ठा! आता आहेराला वरचा पाव रुपया पायजेच की, नुसतं पाच कोण घालतंय? पण नाणं आणायचं कुठनं? चिल्लर न्हाय म्हंजे न्हाय! कर्ण्यावर आहेर पुकारणारा आकाराम तर बेंबीच्या देठापासनं वरडतोय, "मीरासाब टांगेवालं, पाच रुपये सरकारचं, चाराणे सोमलिंगाचं!" मांडव हसून लोळतोय! मग न्हावी सव्वादोन, पानवाला सव्वापाच... पुठ्ठ्यांची ही रास! व्याही खूश, "पावणं, तुमच्या शब्दाला लई किंमत हाय की गावात!" सोमलिंगाच्या डोळ्यात पाणी आलं हो. सुटलो बाबा! आता कुणाचं काय देणं न्हाय!

पोरीची पाठवणी झाली, आणि सोमलिंग सगळी रास घेऊन चुलीकडं निघाला. रत्नव्वानं हातच धरला. "अवो, जाळताय काय? म्होरच्या म्हैन्यात ह्याच लोकांच्या घरी लग्नं हाईत. आपल्या आहेराचा वरचा पाव कुठनं आणणार?"

सोमलिंगानं चिठ्ठ्या परत गल्ल्यात ठेवल्या. चिल्लर न्हाय म्हंजे न्हाय!