स्टिफची पट्टी

काका: गोल्फचे सातच्या सात बॉल तळ्यात, मिस्त्री! आणि तळं कुठे? डावीकडे!

मिस्त्री: काका, आधी बसा. पंखा लावतो.

काका: पंखा घाला चुलीत! सहा महिने माझे आयर्नचे, म्हणजे लोखंडी काठीचे, बॉल खालूनच जायचे, तेही उजवीकडे. तुम्हीच म्हणालात, काका, हात मंदावलाय, काठीचा कडक दांडा वाकत नाही, म्हणून बॉल उठत नाही. म्हटलं, घाला एक नंबर नरम दांडा. आता बॉल आभाळात जातो आणि डावीकडे बुडतो!

मिस्त्री: अं... होतं असं कधी कधी.

काका: उद्या व्याह्यांशी मॅच आहे. हरलो तर हे किट तुमच्या भंगारात, आणि मी कायमचा घरी. घरी तसं सांगूनही टाकलंय.

मिस्त्री: काकू काय म्हणाल्या?

काका: तिला काय कळतंय त्यातलं! आणि नरम दांड्याचं तिच्या कानावर गेलं, तर गाठ माझ्याशी आहे.

मिस्त्री: काका, हळू. दारात बघा.

काकू: अगंबाई! अहो, तुम्ही इथे?

काका: तू इथे कशी?

काकू: मी... कात्रीला धार लावायला आले.

काका: कात्री कुठंय?

काकू: घरी राहिली.

मिस्त्री: काकू, आता माझ्याच्याने झेपत नाही. सांगून टाकू?

काकू: खबरदार!

काका: काय सांगून टाकू? मिस्त्री, बोला!

मिस्त्री: मंगळवारी काकू किट घेऊन आल्या. म्हणाल्या, एक नंबर नरम घाला, वर ‘स्टिफ’ची, म्हणजे कडक दांड्याची, जुनीच पट्टी चिकटवा, ह्यांना कळता कामा नये. बुधवारी तुम्ही आलात. तेच किट, तेच बोलणं, तीच पट्टी.

काका: म्हणजे दोन नंबर नरम? अहो, मग तेव्हाच का नाही बोललात?

मिस्त्री: काकूंना शब्द दिला होता. वाटलं, तसंच किट परत करावं. पण तुम्ही समोर स्टुलावर ठाण मांडलंत. दांडे उपसल्याशिवाय हलायलाच तयार नाही!

काकू: मेल्या, फोन तरी करायचास मला!

मिस्त्री: काकांनाही शब्द दिला होता ना!

काका: हसू नकोस गं! उद्या माझी अब्रू जाणार आहे.

काकू: हसू नको तर काय करू? तुम्ही कायमचे घरी बसलात तर माझं काय होईल, या धास्तीने तर आले होते. मिस्त्री, मंगळवारचे दांडे आहेत ना? तेच घाला.

मिस्त्री: आत्ता बसवतो. डिंक रात्रभर वाळला की सकाळी सहाला न्या.

काका: आणि पट्टी?

काकू: स्टिफचीच. व्याह्यांना चष्म्याशिवाय तेवढंच वाचता येतं.

काका: पण तुला कधी कळलं गं, माझा जोर कमी झालाय म्हणून?

काकू: वर्ष झालं. स्वयंपाकघरातल्या बरण्या तुमच्याकडे द्यायच्या आधी झाकणं मीच सैल करून ठेवते.

काका: आणि मी प्रत्येक वेळी म्हणायचो, बघ, मनगटात अजून दम आहे!

काकू: तेच ऐकायला तर सैल करायचे.