राक्षसाला उद्या या

शोळिंगनल्लूरची सॉफ्टवेअरची नोकरी सोडून मी फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचे खेळ बनवायला लागलो, ते बाबांना अजिबात पटलं नव्हतं. आईने फारच आग्रह धरला म्हणून एका रविवारी ते आणि त्यांचे रेल्वे ऑफिसातले मित्र गोपाळराव माझा नवा खेळ खेळून बघायला बसले.

मी म्हटलं, “तुम्ही दोघं योद्धे. समोर गुहा, आत राक्षस. काय करता?”

बाबांनी विचारलं, “आत जायची लेखी ऑर्डर आहे?”

“नाही.”

“मग बाहेर थांबतो.”

दोघं तासभर थांबले. दोनदा कॉफी झाली. शेवटी मीच राक्षसाला बाहेर आणलं.

गोपाळराव त्याला म्हणाले, “साहेब जेवायला गेलेत. उद्या या.”

राक्षस परत गेला. मी तरी काय करणार.

उठताना गोपाळराव म्हणाले, “छान आहे रे खेळ. अगदी ऑफिसात बसल्यासारखं वाटलं.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. “मग नोकरी कशाला सोडलीस?”