दत्ता मास्तरांच्या गोळ्या मी देत होतो

बसा मंडळी. मागे उभे आहेत त्यांनीही टेकून घ्या, मला थोडा वेळ लागेल. दत्ता मास्तरांच्या शोकसभेला शाळेचा हा हॉल आज पुरला नाही. साजगावच्या कंपनीतली पोरं पहिली पाळी संपवून तशीच आलीत. सगळी त्यांच्या हाताखाली खेळलेली. 

माझ्या आधी तिघं बोलले. चांगलं बोलले. मला तसं जमणार नाही. मी नजीर. खालापूरला माझं मेडिकल आहे. तुमच्यातल्या निम्म्या घरांत औषधं माझ्याकडूनच जातात. दत्ता आणि मी एका संघातून कबड्डी खेळलो. तो चढाईला जायचा, मी कोपरा सांभाळायचो. तीस वर्षांची दोस्ती. म्हणून मला उभं केलंय असं तुम्हांला वाटत असेल. तसं नाही. आज सकाळी मी दत्ताच्या थोरल्या भावाकडे, अण्णांकडे गेलो आणि झालं ते सगळं सांगितलं. अण्णा म्हणाले, "मला एकट्याला नको सांगू. सगळ्यांसमोर सांग." म्हणून उभा आहे. मधे कुणी उठू नका. नंतर काय म्हणायचं ते म्हणा.

दत्ता दारू पीत नव्हता. आधी हे ऐका. पीत नव्हता.

सव्वा वर्षापूर्वी पोरांना पकड शिकवताना त्याचा मणका सरकला. पनवेलला ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टरांनी दुखण्यावर ट्रामाडोल लिहून दिली. दहा दिवसांची. अफूच्या जातीचं औषध आहे ते. औषध वाईट नाही, कॅन्सरच्या माणसाला, ऑपरेशनच्या माणसाला लागतं. पण त्याची सवय लागते. म्हणून पट्टीवर लाल चौकट असते, चिठ्ठीशिवाय देऊ नये अशी. ती चौकट मला पाठ आहे.

अकराव्या दिवशी दत्ता दुकानात आला. "नजीर, आजून एक पट्टी दे रं. उभं राहवत नाय."

मी दिली. दोस्त होता. दिली.

दिवसाला दोनाच्या चार झाल्या, चाराच्या आठ. पोट साफ होईना, मळमळायचं, दरदरून घाम फुटायचा. मैदानावर शिट्टी तोंडात धरून तो पेंगायचा. लोक म्हणाले, मास्तर प्यायला लागला. माझ्या काउंटरला टेकून म्हणाले. मी त्यांना खोकल्याचं औषध काढून देत होतो, आणि गप्प होतो.

एकदा त्याने आपण होऊन सगळं बंद केलं. तीन दिवस. शैलावहिनींना वाटलं, हिवताप आला. अंगावर काटा, नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, पाय एका जागी ठरत नाहीत. चौथ्या दिवशी तो माझ्यासमोर उभा.

"नजीर, कंबर दुखत नाय आता. खरं सांगतो. पन गोळी नसली का मी मानूस राहत नाय. दे."

मी म्हटलं, "दत्ता, डॉक्टरांकडे चल. मी येतो तुझ्याबरोबर."

"शाळेत कळंल. तू नाय दिलीस तर मोहोपाड्याला मिळंल कुठंतरी."

तो हातापाया पडला नाही. नुसता उभा राहिला. मी दिली.

मग शाळेच्या स्पर्धेत तो मैदानावर कोसळला, तुमच्यातल्या कितीकांनी पाहिलं. झटका आला होता, तोंडाला फेस. मी आणि अण्णांनी त्याला कर्जतला नेलं. अण्णा बाहेर फॉर्म भरत होते. आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

दत्ताने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "बीपीची एक."

ट्रामाडोल जास्त झाली की झटका येऊ शकतो, हे मी शिकलोय. मंडळी, त्या बाईंनी सरळ प्रश्न विचारला होता. सरळ उत्तर दिलं असतं, तर दत्ता आज या हॉलमध्ये खुर्च्या लावत असता की नाही?

पुढे त्याची झोप गेली. दुसऱ्या एका डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली. त्यांच्यापासूनही त्याने ट्रामाडोल लपवली. चिठ्ठी घेऊन माझ्याकडेच आला. दोन्ही पोटात गेल्या की श्वास मंदावत जातो, थांबूही शकतो. मला माहीत होतं. मी दोन्ही एकाच पिशवीत घातल्या. "एकदम घेऊ नकोस" म्हणालो. एवढंच म्हणालो.

बारा दिवसांपूर्वी, दुपारी तीनला मला वहिनींचा फोन आला. "भावजी, हे जेवून झोपलेत. पण घोरणं काहीतरी येगळंच हाय. उठवू का?"

दुकानात गर्दी होती. मी म्हटलं, "झोपू द्या, वहिनी. किती दिवसांनी झोपलाय."

साडेचारला अण्णांचा फोन आला.

गेले बारा दिवस मी ऐकतोय. नवरा घरात तसा घोरत होता आणि बायकोनं उठवलं नाही. तुम्ही बोललात. मी ऐकलं. शैलावहिनी, तुम्ही विचारलं होतं. नको म्हणणारा मी होतो. आणि तुम्ही बारा दिवसांत एकदाही माझं नाव घेतलं नाहीत. का, ते विचारायची माझी हिंमत नाही.

काल पोलीस ठाण्यात जाऊन मी हे सगळं लिहून दिलंय. दुकान बंद केलंय. पुढे जे होईल ते भोगीन.

एक शेवटचं. मी ही गोळी आणखी चौघांना दिलीय, आणि ते चौघंही इथे बसलेत. नावं घेणार नाही. एकदम बंद करू नका, दत्ताचे झाले तसे हाल होतील. कर्जतच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, थोडी थोडी कमी करत सोडवता येते, मी विचारून आलोय. उद्या सकाळी नऊला मी स्टँडवर थांबतो, आपण कर्जतला जाऊ. लाज वाटली तर सांगा, नजीरनं सवय लावली. खरंच आहे ते.

आता दोन मिनिटं उभं राहू या. वहिनी, तुम्ही बसून राहा. आणि मंडळी, फोटोकडे नको. वहिनींकडे तोंड करा, आणि माना खाली घाला.