पेडलवरचं पालिश

— चावी नको रे मला, मी कुठं चालवायला निघाले? तू आत बस आधी. तुझी आई अन् माझा पोरगा आदिनाथ बोलून राह्यलेत, बोलू दे. पोरीची आजी पाहुण्याची गाडी बघायला गेली, त्यात कोणाला काय वाटायचंय! हां, आता दाब ब्रेक. सटकला ना पाय? सटकणारच! पेडलला पालिश कोण मारतं रे, धर्मराज? — म्हणे चमकावं म्हणून! पोरीकडचे काय वाकून तुझे पेडल बघणार होते? स्टेरिंगलाबी तेच, हातात टिकंना. अन् टायर? टायरच्या बाजूला लावायचं असतं, तेबी फडक्यावर घेऊन, चोळून, उरलेलं पुसून काढायचं. तू तर रस्त्याला टेकतं त्याच्यावरच बाटली रिकामी केली. धावड्याहून आईला आणलं, बहिणीला आणलं — मधी एखादं ढोर आडवं आलं असतं म्हंजे?

तुला वाटलं, म्हातारीला काय कळतंय. अंबड रोडचं वॉशिंग सेंटर माझं आहे, माझं! बाटल्यांवरचं वाचायला मी पन्नाशीत शिकले, कोणी शिकवलं न्हाई. तेलकट माल कोणता, पाण्यातला कोणता, वासावरून सांगते. डॅशबोर्डला असलं तेलकट चोपडलं की उन्हात त्याची चमक काचेवर येती, समोरचं दिसत न्हाई — तुलाबी दिसलं नसंल, खरं सांग. अन् ही गाडी तुझी न्हाई. मान कशाला हलवतो? सर्जेरावची आहे. काल तोच घेऊन आल्ता, म्हणला, मित्राला चांगल्या कामाला पाहिजे. बंपरचं काळं प्लॅस्टिक उन्हानं पांढरं पडल्तं, ते चोळून चोळून काळं केलं, सीटा पुसल्या, टायर बराबर कोरडे करून सोडले. आमच्या हातचं काम आम्ही ओळखणार न्हाई? अन् त्याच्यावर तू आणखी थर चढवले! राग त्याचा आहे मला, मागून आणलेल्या गाडीचा बिलकुल न्हाई. मला बघायला आल्ते तवा माझ्या अंगावरचं लुगडंसुद्धा मावशीचं होतं. अन् मघाशी घरात तू ज्याच्यावर बसला होता तो सोफा शेजारच्या नंदाबाईचा — जाऊ दे, तुला काय करायचंय ते ऐकून.

आमच्या हातचं म्हंजे कोणाच्या? माझ्याच. — न्हाई, अक्षताच्या. घे, झालं समाधान? आदिनाथनं सांगितलं ना तुम्हाला, पोरगी कम्प्युटरचा कोर्स करती, घराबाहेर पडत न्हाई? कोर्स कवाच संपला. सकाळधरनं सेंटरवर असती, माझ्याहून साफ काम करती. चहा देताना बोटं मुडपून धरली होती तिनं, बघितलं का? नखातला काळा मळ दिसू नये म्हणून. मी आदिनाथला हज्जारदा म्हणलं, लपवू नको, कष्टाची लाज कशाची? पण ह्या घरात माझं ऐकतंय कोण! त्यात तुम्ही आले, असे चोपडून.

आता उतर खाली. हे साबणाचं पाणी, हा कोरडा कपडा. आधी ब्रेक, मंग क्लच, मंग स्टेरिंग. टायर मी बघते. आईनं हाक मारली तर म्हणायचं, आजी गाडी बघून राह्यली. — काय? नकार? अरे, नकार द्यायचा असता तर आतच दिला असता, पदर खोचून इथं कशाला आले असते? मला कुठं यायचं होतं! अक्षतानंच धाडलं. खिडकीतून तुझे टायर दिसले तिला, गाडीबी वळखली, अन् तसाच चहा नेऊन दिला तुम्हाला. मंग माझा हात धरून म्हणती, आजे, गाडीच्या खोट्याचं काय ते नंतर बघू, पण टायरवर एवढं ओतलं त्यानं आतबी ओतलं असंल, त्याला असा जाऊ देऊ नको —

पूस म्हणलं ना. दात काढू नको. पूस.