बाबाच्या वाट्याची रम

माह्या बाबानं जिंदगीत दारूले हात नाई लावला. पंचशील पाळणारा माणूस. तरी त्याच्या नावानं रम सांडली गेली, राजेहो, अन् तेही माह्याच हातानं नेलेली.

झालं असं, गोंडपिपरीकडच्या जंगलात बाबाच्या छातीत कळ आली. गाडी आत येत नव्हती. तिथल्या सोमाभाऊनं, गोंड म्हातारा तो, चार जण जमवले अन् बाबाले बाजेवर टाकून सडकेवर आणलं. म्हणून बाबा वाचला, पण हे सोमाभाऊले कळवाचं राहूनच गेलं.

बरा झाल्यावर आभार मानायले गेलो. द्यायचं का? माह्या फौजेतल्या साळ्यानं रमची बाटली देली होती, तेच नेली. बाबा हळूहळू मागून येत होता, मी एकटाच पुढं पोचलो.

सोमाभाऊनं बाटली हुंगली. "हे मोहाची नाई."

"उसाची हाये, भाऊ."

"चालते. आमचे गेलेले पुरखे ओळख करून घेतीन."

पानाच्या द्रोणात ओतून त्यानं आधी पुरख्यांसाठी भुईवर थोडी सांडली. मंग डोळे पुसत अजून सांडली. "हे तुह्या बाबाच्या नावानं. लय भला माणूस होता."

"होता काऊन, भाऊ? तो पाहा, येऊन राह्यला!"

म्हाताऱ्यानं द्रोण ठेवला अन् धावत जाऊन बाबाले मिठीच मारली. "दादा, तुहा वाटा म्या तिकडं पोचवून देला! आता पुरखे तुले बलावत नाई."

बाबानं त्याचे दोन्ही हात कपाळाले लावले.

वापस येताना म्हणे, "दारूनं माणूस लवकर जाते, हेच सांगत आलो लोकायले. मले उशीर करणारी हे पहिलीच."