खिडकीबाहेरची मानकरीण

डॅल्गार्नो : ...पण खुर्ची आम्ही देणारच आहोत, मिस इशबेल लॉरिमर. गादीची.

रोना : कुठं?

डॅल्गार्नो : हिरवळीवर. दिवाणखान्याच्या खिडकीसमोर. खिडकी उघडी ठेवू, म्हणजे भाषणं ऐकू येतील.

रोना : आणि पाऊस आला तर?

डॅल्गार्नो : छत्रीची सोय केली आहे.

रोना : ऐकलंस, इशबेल? शनिवारी तुझ्या तैलचित्राचं अनावरण. चित्र आत, पुरुष आत, व्हिस्की आत. आणि तू बाहेर, छत्रीखाली!

डॅल्गार्नो : चहा बाहेर पाठवू ना. माझा नाइलाज आहे हो. मी नुसता सेक्रेटरी. आमच्या गोल्फ क्लबच्या इमारतीत स्त्रियांना प्रवेश नाही, हा नव्वद वर्षांचा नियम आहे.

रोना : मग मी एकोणीस वर्षं तिथली फरशी पुसते, ती काय बाप्या म्हणून?

डॅल्गार्नो : आपण कामाला येता. नियमात ‘कामाखेरीज’ असा शब्द आहे.

इशबेल : रोना, त्यांना आधी स्कोन खायला दे. चढ चढून आलेत.

रोना : स्कोन देते! अहो, तुमच्या क्लबाला एडिंबराच्या पलीकडं ओळखत कोण होतं? ही तीनदा देशात पहिली आली म्हणून पेपरात नाव आलं. बंदरावर हेरिंग मासे साफ करायची, आणि तेच वास मारणारे हात घेऊन वाळूच्या टेकड्यांवर मामाच्या मोडक्या काठीनं चेंडू मारायची ही.

डॅल्गार्नो : अध्यक्षांच्या भाषणात ते सगळं आहे. फक्त मासे वगळलेत.

इशबेल : चौतीस सालची फायनल?

डॅल्गार्नो : तो तर भाषणाचा कळस! फटका मारण्याआधीच चेंडू गवतात बोटभर हलला, कुणीही पाहिलं नव्हतं. आपण होऊन पंचांना सांगितलंत, दंडाचा एक जादा फटका स्वतःच्या नावावर घेतलात आणि त्या एका फटक्यानं हरलात. नियमाचा एवढा मान...

रोना : मूर्खपणा होता तो. आई आठवडाभर बोलली नाही हिच्याशी.

इशबेल : चेंडू हलला होता, रोना.

डॅल्गार्नो : आणि ते ग्लासगोचं दुकान. आपल्या नावाच्या काठ्या विकायच्या म्हणून मागाल ते पैसे देत होते. आपण एक पेनी घेतली नाहीत. जन्मभर हौशी खेळाडू!

रोना : घेतली असती तर आज हे छप्पर गळलं नसतं. तुमचा स्कोन तिकडं सरकवा, थेंब पडतोय त्याच्यावर.

इशबेल : मिस्टर डॅल्गार्नो, मला ते चित्र आत येऊन बघायचंय. समोर उभं राहून. तिन्ही वेळा मी कप घेऊन तुमच्या पायरीपर्यंत आले, आणि तिन्ही वेळा दारातच तो माझ्या हातून घेतला गेला. टाळ्या आत वाजल्या. मी पायरीवर उभी राहून ऐकल्या. फार लागलं होतं ते मला. कधी बोलले नाही.

डॅल्गार्नो : मला कळतंय, पण नियम...

इशबेल : नियम मी मोडणार नाही. रोनाचे गुडघे गेलेत. तिची जागा मला द्या.

डॅल्गार्नो : कसली जागा?

इशबेल : फरशीची.

रोना : अगं ए! सदुसष्टची झालीस!

डॅल्गार्नो : अशक्य. म्हणजे, नियमानं शक्य आहे. पण क्लबचा पगार घेतलात की समिती म्हणणार, गोल्फचा पैसा घेतला. मग आपण हौशी कशा राहणार? आणि चित्राखालच्या पितळी पाटीवर ‘आजन्म हौशी’ असं कोरून झालंय. कोरणारे पाटी परत घेत नाहीत हो.

इशबेल : मग पगार नको. जन्मभर फुकट खेळले, फरशीही फुकट पुसेन.

डॅल्गार्नो : फुकट? त्याबद्दल नियम...

इशबेल : नाहीये. काल रात्रीच भिंग लावून नियमांचं सगळं पुस्तक वाचलं.

डॅल्गार्नो : बरं. कधीपासून म्हणता?

इशबेल : शनिवारपासून. सगळे चिखलाचे बूट घेऊन येतील.

डॅल्गार्नो : भाषणं चालू असताना?

इशबेल : तुम्ही बोला. मी पुसते. माझा आवाज होत नाही.

डॅल्गार्नो : मला... मला अध्यक्षांना विचारावं लागेल.

रोना : विचारा की. आणि ‘कामाखेरीज’ हा शब्द जरा मोठ्यानं वाचून दाखवा त्यांना.

(डॅल्गार्नो जातो. फाटक लागल्याचा आवाज.)

रोना : इशबेल, नको जाऊस.

इशबेल : का? बहिणीनं फरशी पुसली तर लाज वाटेल तुला?

रोना : लाज कसली? अगं, दिवाणखान्यात ते चित्र फक्त शनिवारपुरतं आहे. सोमवारी मागच्या बोळात जाणार. कोट टांगायच्या खुंट्या आहेत ना, तिथं. खिळा ठोकून झाला. मी पाहिला. तुला सांगणार नव्हते.

इशबेल : खुंट्यांच्या शेजारी?

रोना : शेजारी नाही. खाली. चार ओले कोट टांगले की तू दिसणारसुद्धा नाहीस.

इशबेल : कोट रोज असतात?

रोना : या गावात? रोज.

इशबेल : मग रोज जावं लागेल. ते बाजूला करायला कुणीतरी नको का?