ताल कुणी घालायची

उतारावरची माती नक्की कुणाची, हा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का? आम्हाला पडला होता, कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं तेव्हा. गारगोटीत आमचं घर उताराच्या खाली आणि शेजारच्या आण्णांचं बरोबर वर. दर पावसाळ्यात त्यांच्या परड्यातली माती आमच्या मागल्या भिंतीवर येऊन बसायची. दोन घरांच्या मधे दगडाची ताल, म्हणजे आडवा बांध, घातली असती, तर माती थांबली असती. मी म्हणायचो, "आण्णा, माती तुमची, ताल तुमी घाला." ते म्हणायचे, "तरास तुला हाय न्हवं? मग तू घाल की."

एका पावसाळ्यात अर्धा उतारच खाली आला. आमची भिंत कशीबशी तगली. सकाळी बघतो तर आण्णांचा शेवगा आमच्या परड्यात उभाच्या उभा. आण्णा तरातरा खाली आले. "झाड माझं हाय," म्हणाले.

"न्या की," मी म्हटलं. "पर आलं कसं, ते तर बघूया."

दोघांनी वर पाहिलं. आण्णांच्या सैपाकघराच्या एका कोपऱ्याखाली जमीनच उरली नव्हती. जोत्याच्या दगडांमधून चुलीचा धूर बाहेर येत होता. तेवढ्यात आतून काकूंची हाक आली, "अवं, आज चुलीला खालनं वारं कुठनं लागतंय?"

आण्णा अनवाणीच वर पळाले. काकूंना हाताला धरून बाहेर काढलं आणि आमच्या ओसरीवर आणून बसवलं. मग हळूच मला म्हणाले, "ताल कुठनं सुरू करूया?"